फ्युएल पंप बदलण्याआधी व्होल्टेज मोजा
जुनी एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शनवाली) मारुती ८०० चढावर दम तोडू लागली की थेट नव्या पंपाचा खर्च करू नका. चावी ऑन केल्यावर टाकीकडून दोन-तीन सेकंद घूंऽऽ आवाज आला, तर फ्यूज शाबूत आहे आणि रिले (पंपाला करंट देणारा स्विच) ओढतोय. आता इंजिन चालू ठेवून, कनेक्टर जोडलेलाच असताना, पंपाच्या दोन वायरींमधलं व्होल्टेज मोजा. कनेक्टर काढून मोजलं तर करंट वाहत नाही, त्यामुळे गंजलेली वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि फसवते! बॅटरीच्या टर्मिनलपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी भरलं, तर आधी वायरिंग पाहा. सुरुवात अर्थिंगपासून, म्हणजे बॉडीला जोडलेल्या निगेटिव्ह वायरीपासून करा: बॉडीवरचा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) काढून पत्रा चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, पुन्हा घट्ट आवळा. कनेक्टरची पिन हिरवी किंवा काळवंडलेली असेल तर बदलाच. पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगीचा धोका. आधी गळती शोधा.