बालवाडीच्या मुलांना रानात नेताना: जागा, तयारी आणि दोन तासांचा क्रम

चार ते सहा वर्षांच्या मुलांना रानात न्यायचं म्हणजे सहल काढायची नाही. या वयाला डोंगर पालथा घालायची गरज नसते. २० बाय २० फुटांचा झाडीचा तुकडा पुरतो, फक्त जागा तीच ठेवून दर आठवड्याला जायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून मुलं स्वतःहून फरक सांगू लागतात.

जागा. सागाचं किंवा मिश्र पानगळीचं सपाट रान, रस्त्यापासून दहा मिनिटांच्या आत. विहीर, डोह, कडा जवळ नको. वनखात्याची जमीन असेल तर आधी परवानगी घ्या. देवराई असेल तर गावाला विचारा. अनेक देवरायांत वाळकी काटकीही उचलत नाहीत, तिथे गोळा करायचे खेळ नकोत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी ८ ते १० ही वेळ उत्तम.

आदल्या दिवशीची पाहणी. आधी वर बघा: लोंबती वाळकी फांदी, आग्यामोहोळ. मोहोळ दिसलं तर जागाच बदला. ‘जरा लांब बसू’ हा उपाय नाही, कारण या माश्या उठल्या की दूरवर पाठलाग करतात. मग खाली: वारूळ, बिळं, दगडांचे ढीग. शेवटी वेली. खाजकुयलीच्या शेंगा हिवाळ्यात वाळतात आणि त्यांची कुसं वाऱ्यानेही अंगावर येतात. कुसं लागली तर चोळू नका, चोळल्याने ती आणखी रुततात. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग साबणाने धुवा आणि कपडे बदला. बिब्ब्याचं झाड किंवा गुंजेची वेल असेल तर तो कोपरा हद्दीबाहेर ठेवा. गुंजेचा लाल-काळा दाणा मुलांना हमखास खुणावतो आणि तो विषारी असतो.

हद्द आणि माणसं. चार झाडांना मुलांच्या कमरेइतक्या उंचीवर सुतळी बांधा, तिला रंगीत चिंध्या लावा. पाच मुलांमागे एक मोठं माणूस. पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट. मुलांना नियम तीनच सांगा: सुतळीच्या आत राहायचं, काही तोंडात घालायचं नाही, दगड आपण उलटायचा नाही. दहा नियम सांगितले तर एकही लक्षात राहत नाही.

दगडाखाली बघायचंच असेल तर ते काम मोठ्यांचं. मुलांना आपल्या मागे उभं करा, काठीने दगडाची पलीकडची कड उचला आणि तो आपल्याकडे कलता करा. विंचू निघालाच तर बहुधा पलीकडे पळतो. बघून झालं की दगड होता तसा ठेवा, खालच्या जिवांचं ते घर असतं. साप दिसला तर सगळ्यांनी सावकाश मागे सरायचं. चावलाच तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काही नाही. मुलाला न हलवता १०८ला फोन करा आणि दवाखाना गाठा.

सालीचे ठसे. लागतील ते: पातळ कोरे कागद, कागदी वेष्टन काढलेले मेणाचे खडू. खोडावर सुरवंट किंवा मुंग्यांची रांग नाही ना ते पाहा. जोड्या करा: एकाने कागद दोन्ही हातांनी धरायचा, दुसऱ्याने खडू आडवा धरून एकाच दिशेने घासायचा. ठसा पुसट आला तर बहुतेक वेळा खडू उभा धरलेला असतो. दुहेरी दिसला तर कागद सरकलेला असतो. साग आणि आंबा चांगले. ऐनाच्या सालीला मगरीच्या पाठीसारख्या खोल भेगा असतात, तिथे कागद फाटतो. तिथे नुसता हात फिरवू द्या.

पावसाळा सरताना सागाची पानं जाळीदार झालेली दिसतात. एक अळी हिरवा गर खाते, शिरा सोडते. खाली पडलेलं असं पान उन्हाकडे धरायला द्या आणि ‘हे कोणी केलं?’ एवढंच विचारा. उत्तर लगेच सांगून टाकायचा मोह आवरा. मोठ्यांना हेच सगळ्यात अवघड जातं.

शेवटची २० मिनिटं खाऊ-पाणी आणि मुलांची मोजणी. घरी पोचल्यावर कानामागे, काखेत, जांघेत गोचीड शोधा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल लावत बसू नका. पुढच्या काही दिवसांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.