स्वतःच्या सर्व्हरवर ऑनलाइन एडिटर चालवताय? या चुका टाळा

फाइली ठेवायला नेक्स्टक्लाउड टाकलं, त्या ब्राउझरमध्ये दुरुस्त करायला शेजारी ओन्लीऑफिस या एडिटरचा डॉकर कंटेनर (सॉफ्टवेअर चालवायचा बंदिस्त डबा) उभा केला, फाइलवर क्लिक केलं आणि पडद्यावर आलं, ‘डाऊनलोड फेल्ड’. या पाटीशी ओळख न झालेला अ‍ॅडमिन मला अजून भेटायचाय. आमच्या दिवाळी अंकाच्या संपादनासाठी मी दोन हंगाम हा सर्व्हर सांभाळतोय. इन्स्टॉलेशनला एक दुपार लागली. पुढच्या रात्री कशात गेल्या ते सांगतो.

तिसरी वाट तपासलीच नाही

ब्राउझरमध्ये नेक्स्टक्लाउड उघडतं का, हे आपण बघतो. एडिटरच्या पत्त्यावर स्वागताचं पान येतं का, तेही बघतो. दोन्ही दिसलं की हात झटकून मोकळे. पण फाइल उघडताना ती ब्राउझर देत नाही. एडिटरचा सर्व्हर स्वतः नेक्स्टक्लाउडच्या दारात जाऊन ती मागून आणतो. काम संपल्यावर ‘बदललेली प्रत तयार आहे, घेऊन जा’ हा निरोपही तोच पोचवतो. ही दोन सर्व्हरमधली वाट आपल्याला पडद्यावर कुठेच दिसत नाही, म्हणून ती तपासायची राहते. एडिटरच्या कंटेनरमध्ये शिरा आणि तिथून नेक्स्टक्लाउडचा पत्ता कर्ल या कमांडने उघडून बघा. तिथे ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं, तर ब्राउझरमध्ये कितीही रिफ्रेश मारा, काही होणार नाही.

सर्व्हर घरच्या किंवा ऑफिसच्या राउटरमागे असेल तर गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. बाहेरून सगळं छान चालतं, पण आतल्या मशीनने आपल्याच डोमेनला हाक मारली की बरेच राउटर ती परत आत वळवत नाहीत. कम्पोज फाइलमध्ये (कंटेनर कसे उभे करायचे ते जिथे लिहिलेलं असतं) त्या डोमेनसमोर आतला आयपी लिहून दिला की प्रश्न सुटला असं वाटतं, आणि मग दुसरं कुलूप लागतं. खासगी आयपीवरून फाइल आणायला ओन्लीऑफिस मुळातच नकार देतो. सुरक्षेसाठीच आहे ते, पण आपल्याला ‘अलाउ प्रायव्हेट आयपी अ‍ॅड्रेस’ हे व्हेरिएबल ट्रू करावं लागतं. माझे यात दोन दिवस गेले.

‘काल चालत होतं’

अपडेट केलं आणि एकही फाइल उघडेना, ‘सिक्युरिटी टोकन’ची तक्रार येते. असं झालं तर आधी सीक्रेट, म्हणजे दोन्ही सर्व्हरना ठाऊक असायला हवा तो गुप्त शब्द, बघा. ओन्लीऑफिसच्या आवृत्ती ७.२ पासून जेडब्ल्यूटीची, म्हणजे त्या सीक्रेटने सही केलेल्या टोकनची, तपासणी आपोआप चालू असते. तुम्ही सीक्रेट ठरवून दिलं नसेल तर कंटेनर स्वतःच काहीतरी बनवतो, आणि नव्याने उभा राहिला की वेगळं बनवतो. नेक्स्टक्लाउडच्या सेटिंगमध्ये मात्र जुनंच राहतं. कम्पोज फाइलमध्ये एकदाच लिहून टाका.

पान अर्धवट येऊन पांढरं राहिलं, तर रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरच्या विनंत्या आत पोचवणारा सर्व्हर, बघा: वेबसॉकेटचे (एडिटरशी सतत चालू राहणाऱ्या जोडणीचे) अपग्रेड हेडर पुढे जातायत का, आणि मूळ विनंती एचटीटीपीएसवरून आली हे एडिटरला कळतंय का. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं नव्वद दिवसांचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट संपत आल्याची मेल २०२५ च्या जूनपासून येत नाही, त्यामुळे त्याची आठवण स्वतःच ठेवा.

पडद्यावर आहे, फाइलमध्ये नाही

ही चूक सगळ्यात महाग पडते. चौघंजण एक लेख दुरुस्त करत असतात, प्रत्येकाला दुसऱ्याचा कर्सर हलताना दिसतो, म्हणून सगळ्यांना वाटतं फाइल बदलली. प्रत्यक्षात ते बदल एडिटरकडे साठलेले असतात. शेवटच्या माणसाने टॅब बंद केल्यावर साधारण दहा सेकंदांनी ते नेक्स्टक्लाउडमधल्या फाइलमध्ये उतरतात. आमच्या मांडणीकाराने सिंक झालेल्या फोल्डरमधून एका कथेची फाइल उचलली, पानं लावली, आणि प्रूफ आलं ते सकाळच्या मजकुराचं. कथेची संपादक टॅब उघडा ठेवून जेवायला गेली होती. तेव्हापासून नेक्स्टक्लाउडच्या ओन्लीऑफिस सेटिंगमधला मधल्या आवृत्त्या जपण्याचा पर्याय चालू आहे. शिवाय ‘टॅब बंद केला का?’ हे ग्रुपवर विचारल्याशिवाय कोणी फाइल उचलत नाही.

याच कारणासाठी लोक काम करत असताना कंटेनर रीस्टार्ट करू नका. करावाच लागला तर आधी ‘प्रिपेअर फोर शटडाऊन’ ही स्क्रिप्ट चालवा. ती सगळ्यांना बाहेर काढून साठलेले बदल फाइलमध्ये उतरवते. पाच मिनिटं लागली तरी चालतील.

मराठीचे आपले असे प्रश्न

सर्व्हरवर जो फॉन्ट आहे तोच एडिटर वापरतो. तुमच्या लॅपटॉपवर ‘मुक्त’ फॉन्ट आहे की ‘मंगल’, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा ‘मुक्त’ कंटेनरमध्ये टाका, फॉन्ट नव्याने नोंदवणारी स्क्रिप्ट चालवा आणि ब्राउझरचा कॅश पुसा. फॉन्टचं फोल्डर बाहेरून जोडलेलं नसेल तर पुढच्या अपडेटला ते पुसलं जाईल आणि हे सगळं पुन्हा करावं लागेल.

ज्येष्ठ लेखकांकडून जुन्या श्रीलिपीत टाइप केलेली फाइल येते आणि ती उघडली की गिचमिड दिसते. तो सर्व्हरचा दोष नाही, तो मजकूर युनिकोडच नाही. आधी कन्व्हर्टरमधून काढा. आणि ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधून सापडला नाही, तर भांबावू नका: त्यातला ऱ्य दोन पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना सारखा, सर्चला वेगळा.

बॅकअप आहे, पण उघडून पाहिलाय?

फक्त फाइलींचं फोल्डर उचललं म्हणजे बॅकअप झाला नाही. कोणाला काय शेअर केलंय हे डेटाबेसमध्ये असतं. नेक्स्टक्लाउड मेंटेनन्स मोडवर टाकून दोन्ही एकाच वेळी घ्या. कम्पोजच्या ‘डाऊन’ कमांडपुढे चुकून ‘व्ही’ लागला तर डेटा साठवलेले व्हॉल्यूमही जातात, म्हणून प्रत दुसऱ्या मशीनवर हवी.

गेल्या गणपतीत मी आमचा बॅकअप पहिल्यांदाच एका जुन्या लॅपटॉपवर उतरवून पाहिला. फाइली सगळ्या होत्या. डेटाबेसचा डम्प (उतरवलेली प्रत) शून्य बाइटचा होता, कारण मे महिन्यात मी डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि ठरल्या वेळी आपोआप बॅकअप घेणाऱ्या क्रॉनमध्ये जुनाच राहिला.