पाण्यावर गोळा केलेला वायू नेमका किती, हे कसे काढावे

मॅग्नेशियमची फीत विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली, निघालेला हायड्रोजन पाण्याने भरलेल्या उलट्या नळीत घेतला, आकारमान वाचले. आता मोल, म्हणजे वायूचे प्रमाण, काढायचे. इथे बहुतेक जण हवेचा दाब सरळ आदर्श वायूच्या सूत्रात (PV = nRT) घालतात आणि उत्तर थोडे जास्त येते, कारण नळीत हायड्रोजन एकटा नसतो. पाण्याची वाफही त्यात मिसळलेली असते. डाल्टनने १८०१ साली मांडलेल्या नियमानुसार मिश्रणाचा एकूण दाब म्हणजे प्रत्येक घटकाच्या आंशिक दाबांची (तो एकटाच असता तर जेवढा दाब असता त्यांची) बेरीज. म्हणून वाफेचा वाटा वजा करावा लागतो.

१. मोजनळी पाण्याने काठोकाठ भरा आणि आत हवेचा बुडबुडा न राहू देता द्रोणीत उलटी धरा. चष्मा लावा, जवळ ज्योत नको.

२. सुरुवातीचे बुडबुडे म्हणजे चंबूतली (ज्यात अभिक्रिया होते त्या भांड्यातली) हवाच असते. शुद्ध वायू हवा असेल तर ते सोडून द्या. पण किती वायू तयार झाला हे मोजायचे असेल तर एकही सोडू नका. चंबूत जेवढा हायड्रोजन मागे राहतो तेवढीच हवा नळीत ढकलली जाते, त्यामुळे हिशेब जुळतो.

३. थांबा. अभिक्रियेत उष्णता निघते. चंबू आणि नळी दोन्ही खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मगच पाण्याचे तापमान घ्या.

४. नळी वर-खाली करून आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एकसारखी करा. तेव्हाच आतला एकूण दाब हवेच्या दाबाइतका होतो. घाईत हीच पायरी हमखास गाळली जाते. पातळी जुळवता येत नसेल तर फरक मिलिमीटरमध्ये मोजून १३.६ ने भागा, म्हणजे तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मिळेल. आतले पाणी वर असेल तर तेवढा दाब हवेच्या दाबातून वजा करा, खाली असेल तर मिळवा.

५. त्या तापमानाचा पाण्याचा बाष्पदाब (वाफेचा दाब) तक्त्यातून घ्या: २० अंश सेल्सिअसला १७.५, २५ ला २३.८, ३० ला ३१.८ मिमी पारा. नळीत पाणी किती आहे किंवा वायू किती जमला आहे याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. तो तापमानावर ठरतो. दहा अंशांत तो दुपटीच्या जवळ जातो, तेव्हा तापमान अंदाजाने लिहून चालणार नाही.

समजा, २५ अंशांना ४२.० मिलिलिटर वायू जमला, पातळी जुळलेली आहे आणि हवेचा दाब ७५२ मिमी आहे. कोरड्या हायड्रोजनचा दाब ७५२ − २३.८ = ७२८.२ मिमी, म्हणजे ७६० ने भागून ०.९५८ वातावरण (दाबाचे एकक). आकारमान ०.०४२० लिटर, तापमान २९८ केल्व्हिन, वायू स्थिरांक (R) ०.०८२१ लिटर·वातावरण/(मोल·केल्व्हिन). दाब गुणिले आकारमान, भागिले स्थिरांक गुणिले तापमान: सुमारे ०.००१६४ मोल. एका मोल मॅग्नेशियमपासून एक मोल हायड्रोजन मिळतो, म्हणजे मोलला २४.३ ग्रॅम धरून फीत सुमारे ०.०४० ग्रॅमची होती. वाफ वजा केली नसती तर ०.०४१ आली असती, साधारण ३ टक्के जास्त. आकारमान मात्र ४२.० मिलिलिटरच ठेवायचे: नळीतला प्रत्येक वायू ती सगळी जागा व्यापतो. दाब आणि आकारमान दोन्हींतून वाफेचा वाटा काढला तर तो दोनदा वजा होतो.

अमोनिया किंवा हायड्रोजन क्लोराइडला ही पद्धत लावू नका, ते पाण्यात झपाट्याने विरघळतात. कार्बन डायऑक्साइडही बऱ्यापैकी विरघळतो, त्यामुळे त्याचे आकारमान कमी भरते. हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांना ती चांगली जमते.