सामायिक कोरल-वाढ कार्यक्रम: पहिला फ्रॅग चिकटवण्याआधीची तयारी

अमेरिकेतल्या रीफ क्लबात, म्हणजे घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोरल (प्रवाळ) वाढवणाऱ्या हौशी लोकांच्या मंडळात, कोरलचे कापलेले तुकडे (फ्रॅग) एकमेकांकडे वाढवायला देण्याचा विषय निघाला की चर्चा लगेच दिवे, पंप आणि रॅकच्या किमतींवर जाते. ते सगळं थोडं थांबू द्या. आधी कागदावर एकच गोष्ट लिहून काढा: हा कार्यक्रम कशासाठी? क्लबला पैसे मिळवून द्यायला, की सभासदांकडची कोरल टिकवायला? टिकवायला असेल तर जरूर चालवावा, विक्रीसाठी असेल तर नको, असं माझं स्पष्ट मत आहे. विक्री आली की वाढवणाऱ्याला वाटा हवा असतो, झटपट वाढणाऱ्या रंगीत जातींनाच जागा मिळते आणि आजारी तुकड्याबद्दल गप्प बसण्याचा मोह होतो. हीटर अडकून किंवा रात्रभर वीज जाऊन एखाद्याची पूर्ण टाकी जाते, तेव्हा त्याच मूळ वसाहतीचा (ज्या कोरलवरून तुकडे कापले त्याचा) तुकडा दुसऱ्या घरी जिवंत असणं, एवढ्यासाठी हा खटाटोप करायचा.

याचं मोठं उदाहरण फ्लोरिडात घडलं आहे. २०१४ मध्ये मायामीजवळ दगडी प्रवाळांच्या ऊती झडून जाणारा रोग दिसला आणि पुढच्या काही वर्षांत तो तिथल्या प्रवाळपट्ट्यात पसरत गेला. रोग पोचायच्या आत निरोगी वसाहती काढून देशभरातल्या प्राणिसंग्रहालयांकडे आणि मत्स्यालयांकडे सांभाळायला दिल्या गेल्या. खांबासारखं वाढणारं पिलर कोरल फ्लोरिडाच्या समुद्रातून जवळजवळ नाहीसं झालं, पण २०१९ मध्ये फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियमने त्याचं प्रजनन प्रयोगशाळेत घडवून आणलं. ते काम शास्त्रज्ञांचं. आपण त्यातून घ्यायचं ते इतकंच, की एक जात किमान तीन घरी असावी.

मग कायदा बघा. जगभरातली सगळी दगडी प्रवाळं साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, म्हणजे सीमा ओलांडताना कागद लागतात. कॅनडातल्या मित्राला सहज फ्रॅग नेऊन देता येत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेने २० प्रवाळ जाती संकटग्रस्त यादीत घातल्या, त्यात हौशी टाक्यांत दिसणारी युफिलिया पॅराडिव्हिसा ही प्रवाळ जातही आहे. तेव्हा प्रत्येक मूळ वसाहत कुठून आली, कुणाकडून घेतली, याची पावती जपून ठेवा. हे वाचून मुंबई-पुण्यात कुणाला असा कार्यक्रम सुरू करावासा वाटला तर त्यांना कळकळीने सांगते, इथेच थांबा. भारतात रीफ बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. कोस्टल रोडच्या वाटेतली प्रवाळं २०२० मध्ये हलवताना मुंबई महापालिकेलाही परवानगी घ्यावी लागली होती. तुम्ही हीच पद्धत गोड्या पाण्यातल्या वनस्पतींसाठी वापरा: अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन, बुसेफॅलँड्रा. पुढची बरीचशी यादी त्यालाही लागू पडते.

सगळ्यात जास्त वेळ क्वारंटाइनला, म्हणजे नवा तुकडा वेगळ्या टाकीत ठेवून तपासण्याला द्या. फ्रॅग दहा घरी फिरणार म्हणजे एका घरची कीडही दहा घरी फिरणार. असे कार्यक्रम मोडतात ते बहुधा याच कारणाने. अ‍ॅक्रोपोरा हे फांद्यांचं कोरल खाणारे चपटे किडे औषधी पाण्यात (डिपमध्ये) बुडवल्यावर गळून पडतात, पण त्यांची अंडी सांगाड्याला चिकटून राहतात आणि कुठल्याही डिपने खात्रीने मरत नाहीत. म्हणून एकदा बुडवून भागत नाही. दर आठवड्याला, निदान सहा आठवडे, प्रत्येक तुकडा बुडवायचा, बुडाजवळचा उघडा सांगाडा भिंगाखाली बघायचा आणि अंडी दिसली तर तो भाग कापून टाकायचा. माँटिपोरा हे कोरल खाणाऱ्या न्यूडिब्रँकचं (शंख नसलेल्या समुद्री गोगलगायीचं) तसंच. तुकडा ज्यावर चिकटवतात तो जुना प्लग (छोटी बैठक) कधीही पुढे पाठवू नका. त्यावर एप्टेजिया (उपद्रवी समुद्रफूल), व्हर्मेटिड (नळीत राहणारी) गोगलगाय आणि ब्रायॉप्सिस शेवाळ बसलेलं असतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे कोशही अशाच कडक पृष्ठभागावर चिकटतात, त्यासाठी मासे नसलेल्या टाकीत ७६ दिवस ठेवण्याची पद्धत हौशी लोकांत रूढ आहे. इतकं थांबायला कुणाला आवडत नाही, पण क्लबने एक सामायिक क्वारंटाइन टाकी उभारली तर प्रत्येकाला आपापल्या घरी हे करावं लागत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले इथे करा.

कापण्याच्या दिवसाची तयारी वेगळी. बोन कटर, सायनोअ‍ॅक्रिलेट जेल गोंद, कोरे सिरॅमिक प्लग, आयोडीन डिप, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. झोअँथिड आणि पॅलिथोआ या टाकीत पाळल्या जाणाऱ्या मऊ, प्रवाळासारख्या प्राण्यांमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबर विष असू शकतं. ते असलेला खडक उकळणं किंवा गरम पाण्याने धुणं अत्यंत धोक्याचं आहे. त्या वाफेने घरातली सगळी माणसं रुग्णालयात गेल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. पॅलिथोआ या कार्यक्रमात घेऊच नये, आणि कापाकापी चालू असताना लहान मुलं खोलीत नसावीत. हे दोन्ही नियम मी मतदानालासुद्धा टाकणार नाही.

कुणाला फ्रॅग द्यायचा हे ओळखीवर ठरवू नका. सलग तीन महिन्यांची मोजमापं मागा. खारटपणा ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) आसपास, तापमान २५ अंश, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषून घेण्याची क्षमता) ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी चालेल, तो स्थिर हवा. शिवाय आपल्या मराठी मंडळींना खास विचारायचा प्रश्न: डिसेंबरात महिनाभर भारतात गेलात की टाकी कोण बघणार? त्या व्यक्तीचं नाव नोंदीत लिहून घ्या आणि तिला निघण्याआधी एकदा डोसिंग पंप (टाकीत ठरावीक मात्रेत पोषक द्रव्यं सोडणारा पंप) दाखवा.

जाती चारच घ्या. माँटिपोरा डिजिटाटा, माँटिपोरा कॅप्रिकॉर्निस, बर्ड्सनेस्ट आणि एखादं युफिलिया. झेनिया हे मऊ कोरल भराभर वाढतं म्हणून मोह होईल, पण नको. २०२३ मध्ये पोर्तो रिकोच्या समुद्रात झेनिया अंबेलाटा पसरलेली सापडली. तिथली ती नाही, ती लाल समुद्राकडची. त्याच कारणाने एक अट लेखी हवी: टाकीतलं काहीही समुद्रात किंवा खाडीत सोडायचं नाही, पाणीसुद्धा नाही. रीफ वाचवायची इच्छा असणारे सभासदच तुकडे समुद्रात सोडू पाहतात, म्हणून त्यांना कारणासकट सांगा.

देवाणघेवाणीचा नियम साधा ठेवा. ज्याला फ्रॅग फुकट मिळाला त्याने तो वाढल्यावर किमान दोन तुकडे फुकट पुढे द्यायचे. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, मूळ वसाहत, कापल्याची तारीख, कुणाकडे आहे आणि दर महिन्याचा एक फोटो, मोजपट्टी शेजारी ठेवून. ही वही सांभाळायला एक माणूस आणि त्याच्या जोडीला दुसरा लागतो. असे दोघं मिळाले नाहीत तर कार्यक्रम पुढे ढकला, टाकी कितीही तयार असली तरी.

आणि कोरल मेलं तर काय, हे आधीच ठरवा. दंड नको, भरपाई नको. अट एवढीच की दोन दिवसांत कळवायचं आणि त्या आठवड्याची मोजमापं द्यायची, म्हणजे तीच जात असलेल्या बाकी घरांना आपलं पाणी वेळेत तपासता येईल. क्लब सोडणाऱ्याने फ्रॅग कुणाकडे द्यायचा तेही याच कागदावर. हा कागद सभेत वाचून सह्या झाल्या की क्वारंटाइन टाकीत मीठ कालवायला घ्या, आणि पहिला आढावा सहा महिन्यांनी ठेवा.