ब्राउवरचा गुत्ता आणि माझं तिसरं प्रकरण

लघुप्रबंधाला सतराव्या शतकातली डच लोकजीवनाची चित्रं घेणार असाल, तर माझं तिसरं प्रकरण कसं आडवं झालं ते ऐका. चाळीस पानं 'डच शेतकऱ्याचं दारिद्र्य' यावर, सगळी ब्राउवर आणि ओस्टाडे या दोन चित्रकारांच्या चित्रांवर बेतलेली. व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी एकच विचारलं, "ही चित्रं विकत कोण घेत होतं?" माझी दातखीळ बसली. हा विचार कधी शिवलाच नव्हता.

ब्राउवरचं साधारण १६३६ चं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं चिलीम ओढणाऱ्यांचं चित्र बघा. मध्ये हातात मग धरून, डोळे वटारून धूर सोडणारा एक जण. त्याला 'शेतमजूर' लिहून मी मोकळा झालो होतो. तो खुद्द ब्राउवर मानला जातो! उजवीकडचा काळ्या-पांढऱ्या कपड्यांतला डे हेम, तोही चित्रकारच. शहरातली मित्रमंडळी गुत्त्यातल्या गावंढळांचा थाट करून बसलीत आणि मी तिथे उपासमार शोधतोय. (ब्राउवर मुळात फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातला, हेही परीक्षकांनीच सांगितलं.) त्याची १७ चित्रं त्या काळच्या बड्या चित्रकाराच्या, रुबेन्सच्या, संग्रहात होती. दारुड्या शेतकऱ्याला हसायला पैसे मोजणारा हा असा वर्ग.

ओस्टाडेचंही तेच. नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या विणकराचा मुलगा, जन्म शहरात गेला. सुरुवातीला अंधाऱ्या कोठारांतल्या मारामाऱ्या रंगवल्या, १६५० नंतर मात्र त्याची कुटुंबं शांत आणि नीटनेटकी. वीस वर्षांत गावं सुधारली म्हणायची, की गिऱ्हाइकाची आवड बदलली? माझं मत आवड बदलली या बाजूला.

घाबरू नका, चित्रं खोटी नाहीत. मडकी, खुर्च्या, चिलमी बारकाईने पाहून काढलेल्या आहेत. फक्त माणसांचं वागणं पुरावा म्हणून वापरू नका. आणि 'फुटकं अंडं म्हणजे अमुक' छापाच्या चिन्हांच्या तयार याद्या फेकून द्या. १९७६ च्या अ‍ॅमस्टरडॅममधल्या राइक्सम्यूझियमच्या प्रदर्शनात कला-इतिहासकार डे योंग यांनी दडलेल्या अर्थांवर भर दिला, १९८३ मध्ये दुसऱ्या कला-इतिहासकार आल्पर्स यांनी पाहण्यावर, वर्णनावर. दोघांना वाचा, मग भांडा. 'छान आहे, पुढे चला' म्हणणाऱ्या प्रबंधाच्या गाईडवर विसंबू नका. माझे तसेच होते.

नवं प्रकरण मी ओस्टाडेच्या १६७३ च्या अंगणापासून लिहिलं. बाई शिंपले साफ करतेय, पोरं भोवती, दोरीवर धुणं. पहिली ओळ लिहायला आठवडा लागला.