भाषेच्या तासाला मोबाईल वापरताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत शिक्षकांच्या हाती मोबाईल आहे, पण भाषेच्या तासाला त्याचं काम बहुतेकदा पीडीएफ पुढे पाठवण्यापुरतं उरतं. भाषा आधी कानाने येते. म्हणून मला फोनमध्ये सगळ्यात मोलाचा वाटतो तो माईक.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे कन्नड शब्द देवनागरीत लिहून मुलांना व्हॉट्सॲपवर पाठवणं. कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही. आपल्या नेहमीच्या देवनागरीत त्यांना एकेकच खूण. 'कोडु' लिहिलं तर ते ऱ्हस्व ओचं, म्हणजे 'दे', की दीर्घ ओचं, म्हणजे 'शिंग', हे मुलाने ओळखायचं कसं? ते मनाला येईल तसं पाठ करतं आणि तो उच्चार पुढे वर्षानुवर्षं जिभेवरून हलत नाही. शब्द कन्नड लिपीतच पाठवा आणि सोबत कन्नड शिकवणाऱ्या बाईंच्या किंवा सरांच्या आवाजातली छोटी व्हॉइस नोट द्या.

उलट बाजूही तितकीच खरी. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाला 'चार' आणि 'चाक' यांतले दोन वेगळे च ऐकूनच कळतात. इथे फोनच्या यांत्रिक आवाजावर विसंबू नका, स्वतः बोला. मुलालाही रेकॉर्ड करू द्या, त्याचं त्याला ऐकू द्या, मगच सुधारा. मध्येच टोकलं की मूल मिटतं. मागे घरघर ऐकू येत असेल तर पंखा बंद करा आणि फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरा.

दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर धडा सापडत नाही ही तक्रार नेहमीची. बोर्ड महाराष्ट्राचं निवडलेलं असतं! आपली पुस्तकं मराठीत असली तरी अभ्यासक्रम कर्नाटकाचा आहे; बोर्ड कर्नाटक, माध्यम मराठी ठेवा. जांबोटी-कणकुंबीकडे रेंज कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून धडा आदल्या दिवशीच डाउनलोड करून घ्या.

कीबोर्ड हिंदीचा असेल तर सुचणारे शब्दही हिंदीच येतात. सेटिंगमध्ये मराठी जोडा. बोलून टाइप करायची भाषाही तपासा.

राहिला शिक्षकांचा ग्रुप. सुप्रभात, परिपत्रक आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं यांत शिकवण्याबद्दलचं बोलणं बुडून जातं. क्लस्टरमधल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, चार-पाच भाषाशिक्षकांनी वेगळा छोटा ग्रुप करावा. एकाने स्वतःच्या तासाचा दोन-तीन मिनिटांचा आवाज टाकावा आणि एकच नेमका प्रश्न विचारावा: इथे मुलं गप्प का झाली? बाकीच्यांनी शाबासकीचे अंगठे न पाठवता आपल्या वर्गात काय केलं ते बोलून सांगावं. मुलांचे चेहरे दिसणारे व्हिडिओ मात्र पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नयेत.