गप्पी नर की मादी? पोटाखालचा पर बघा

गप्पी, मॉली, प्लॅटी किंवा स्वोर्डटेल हे घरच्या टाकीत पाळायचे मासे घेताना बरेच जण रंगावरून नर-मादी ठरवतात. गप्पीत ते बऱ्यापैकी जमतं, पण मॉली-प्लॅटीत हमखास फसायला होतं. खात्रीची खूण पोटाखाली, शेपटीच्या थोडं अलीकडे असलेल्या परात आहे.

१. मासा हातात किंवा जाळीत घेऊ नका. तो काचेजवळ आडवा आला की मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा, फ्लॅश बंद ठेवून.
२. व्हिडिओ थांबवून, मोठा करून तो पर बघा. उघडलेल्या पंख्यासारखा त्रिकोणी असेल तर मादी. अरुंद, काडीसारखा आणि मागे वळलेला असेल तर नर.
३. तरी शंका राहिली तर त्या पराजवळ पोटावर गडद डाग दिसतो का ते बघा. तो मादीचा, पण फिकट रंगाच्या माशांतच नीट दिसतो.

पिल्लांमध्ये मात्र घाई नको. लहानपणी सगळ्यांचाच पर त्रिकोणी असतो, त्यामुळे सगळी मादीच वाटतात.

आणि पिल्लं नको म्हणून फक्त माद्या आणणार असाल, तर लक्षात ठेवा: नरासोबत राहिलेली मादी एकटी ठेवली तरी पुढे कित्येक महिने पिल्लं देऊ शकते.